'राईट टू वर्क' कायद्याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

एका कामगारविषयक त्रैमासिकासाठी अमेरिकेतल्या राज्यांच्या राजकारणावरचा लेख मराठीत आणते आहे. त्यात 'राईट टू वर्क' हा शब्द जवळपास प्रत्येक परिच्छेदात येतो. मी सरळ 'कामाचा हक्क' असं लिहिलं. मग एक वाक्य असं तयार झालं: 'मिशिगनने कामाचा हक्क देणारा कायदा २०२३ मध्ये रद्द केला आणि कामगार संघटनांनी या निर्णयाचं स्वागत केलं.' संपादकांनी समासात लिहून पाठवलंय, 'स्वागत की निषेध? तपासून पाहा.' तपासलं, मुळात स्वागतच आहे. म्हणजे गडबड माझ्या शब्दात आहे. यासाठी मराठीत काही रुळलेला शब्द आहे का?

प्रतिसाद १

'कामाचा हक्क' अजिबात लिहू नका. हा शब्द मराठीत रिकामा पडलेला नाही, त्याला महाराष्ट्रात फार ठाम अर्थ आहे: मागेल त्याला काम. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात गावोगाव निघालेली कामं, मग १९७७ चा रोजगार हमी कायदा, जो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं, हजेरीपटावरचा अंगठा, एवढं सगळं त्या शब्दामागे उभं आहे. काम मागितलं की पंधरा दिवसांत सरकारने ते द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. त्यासाठीचा पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून उभा केला. राज्यघटनेचा अनुच्छेद ४१ कामाच्या हक्काबद्दल बोलतो तोही याच अर्थाने. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम २३ तर कामाचा हक्क आणि युनियन काढण्याचा हक्क एकाच कलमात सांगतं.

अमेरिकेतल्या राज्यांचा 'राईट टू वर्क' कायदा यातलं काहीच करत नाही. तो कोणाला काम देत नाही, असलेलं काम टिकवून देत नाही, बेकार माणसाचा तर त्यात उल्लेखही नसतो. तो फक्त युनियन आणि मालक यांच्या करारातल्या एका कलमावर बंदी घालतो. ते कलम समजलं की शब्द सापडायला मदत होईल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९३५ च्या वॅग्नर कायद्यानुसार एखाद्या कारखान्यातल्या कामगारांनी बहुमताने युनियन निवडली की ती तिथल्या सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी होते. सभासद असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. पगारवाढ, रजा, विमा, जे काही करारात मिळेल ते सर्वांना. बिगर-सभासदाला कामावरून काढलं तर त्याची तक्रारही युनियनला प्रामाणिकपणे लढवावी लागते; रेल्वेतल्या एका कृष्णवर्णीय फायरमनच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली या जबाबदारीचा पाया घातला. आता या सगळ्याला खर्च येतो. म्हणून युनियन करारात असं कलम घालून घेते की ज्यांना करार लागू आहे त्या सर्वांनी वर्गणी किंवा निदान प्रतिनिधित्वाचं शुल्क द्यावं. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने, जो राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने मंजूर केला, त्याच्या कलम १४(ब) मध्ये राज्यांना मुभा दिली की हवं तर त्यांनी आपल्या हद्दीत असं कलम बेकायदा ठरवावं. ज्या राज्यांनी ते ठरवलं ती 'राईट टू वर्क' राज्यं. आज ती २६ आहेत.

नावाचा इतिहासही लेखात यायला हवा, कारण सगळी मेख त्यात आहे. १९४१ मध्ये 'डॅलस मॉर्निंग न्यूज'च्या एका अग्रलेखात अशा घटनादुरुस्तीची मागणी झाली. टेक्सासमधल्याच व्हान्स म्यूस या प्रचारकाने ती उचलली आणि दक्षिणेतल्या राज्यांत फिरवली. गोरे आणि काळे कामगार एका युनियनमध्ये बसतील ही भीती त्याच्या प्रचाराचा उघड भाग होती. १९४४ मध्ये आर्कान्सा आणि फ्लोरिडा यांनी पहिल्यांदा हे स्वीकारलं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ साली या घोषणेला फसू नका असं बजावलं होतं, ते उगाच नव्हे.

माझी सूचना: पहिल्यांदा येईल तिथे 'राईट टू वर्क' असं देवनागरीत लिहून अर्थ द्या, पुढे सगळीकडे 'वर्गणीसक्तीबंदी कायदा' वापरा.

प्रतिसाद २

माहिती चांगली दिलीत, पण शब्द तुमच्याच मताच्या उलट गेला आहे. मराठीत 'सक्ती' म्हटलं की वाचक आपोआप तिच्या विरोधात जातो. सक्तीची वसुली, सक्तीची रजा, सक्तीची नसबंदी: या शब्दाच्या बाजूने कोणी उभं राहत नाही. 'वर्गणीसक्तीबंदी' वाचणाऱ्याला वाटेल, बंदी आली हे बरंच झालं. म्हणजे या कायद्याच्या समर्थकांना जे नावातून साधायचं होतं तेच तुम्ही मराठीत करून देताय.

आणि समर्थकांची बाजूही नीट मांडायला हवी, ती पोकळ नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्या संस्थेत मला शिरायचं नाही तिला माझ्या पगारातून पैसे का जावेत? युनियन निवडणुकीत उमेदवारांना पाठिंबा देते, तो उमेदवार मला मान्य नसला तर? १९८८ च्या बेक खटल्यात न्यायालयाने सांगितलं की बिगर-सभासदाकडून वाटाघाटी आणि तक्रारींच्या खर्चापुरतंच घेता येईल, राजकीय खर्चाचं नाही. पण तो हिशोब युनियनच मांडणार, आणि आक्षेप कामगाराने घ्यायचा. इलिनॉयमधल्या मार्क जॅनस या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा साधारण ४५ डॉलर जात होते, त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: सरकारी नोकरीत बिगर-सभासदाच्या संमतीशिवाय एक पैसाही कापता येणार नाही. त्यामुळे सरकारी नोकरांसाठी आता सगळा देशच 'राईट टू वर्क' आहे. हे लेखात नसेल तर वाचकाला राज्याराज्यांतला फरक चुकीचा समजेल.

मी 'ऐच्छिक वर्गणी कायदा' सुचवेन. त्यात कायदा प्रत्यक्ष काय करतो तेवढंच आहे.

प्रतिसाद ३

मी डेट्रॉइटच्या जवळ राहते, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी पगारदार, त्यामुळे युनियनमध्ये नाही. माझ्यासोबत लाइनवर उभे राहणारे तासावर काम करणारे सगळे युनियनचे. वाहन कामगारांच्या युनियनची वर्गणी साधारण महिन्याला अडीच तासांच्या मजुरीइतकी असते. पगाराच्या चिठ्ठीवर तिची वेगळी ओळ असते.

मिशिगनचा क्रम असा लिहा. डिसेंबर २०१२ मध्ये रिपब्लिकन बहुमताने कायदा केला, गव्हर्नर रिक स्नायडर यांनी लगेच सही केली. तोवर मिशिगन म्हणजे युनियनचं माहेरघर, म्हणून धक्का मोठा होता. त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष ओबामा रेडफर्डच्या इंजिन कारखान्यात आले होते, आणि हा कमी पैशात काम करण्याचा हक्क आहे अशा अर्थाचं बोलले. २०२२ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे आली, मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी कायदा रद्द करण्यावर सही केली, आणि अंमल १३ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाला. याआधी असं इंडियानात १९६५ साली झालं होतं, आणि तिथे २०१२ मध्ये कायदा पुन्हा आला.

'ऐच्छिक' हा शब्द मला पटत नाही, आणि याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. ऐच्छिक म्हणजे घेतलं तर द्यायचं, नाही घेतलं तर नाही. इथे तसं नाही. वर्गणी न देणाऱ्याला करारातली पगारवाढ तेवढीच मिळते, त्याचा तक्रार अर्ज युनियनचा प्रतिनिधी तितक्याच निष्ठेने लढवतो. लाइनवर शेजारी शेजारी उभे असलेले दोघे, एकाच्या चिठ्ठीवर वर्गणीची ओळ आहे, दुसऱ्याच्या नाही, आणि दोघांचा तासाचा दर सारखाच. दुसऱ्याला तुम्ही ऐच्छिक म्हणाल, पहिला त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतो. फायदा सगळ्यांना देण्याचं बंधन युनियनवर कायम ठेवायचं आणि खर्च मात्र मर्जीवर सोडायचा, ही जोडी त्या शब्दात दिसत नाही.

प्रतिसाद ४

मुंबईत युनियनच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून आपल्याकडचे शब्द सांगतो. आपल्याकडे या भानगडीला कधी नाव पडलं नाही, कारण वर्गणी सगळ्यांवर बांधून टाकणारं कलम आपल्याकडच्या करारांत रुळलेलंच नाही. आपली वर्गणी पावतीवर चालली. पगाराच्या दिवशी गेटवर, खिडकीशी टेबल टाकून पावतीपुस्तक घेऊन बसायचं. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला जे हक्क दिले त्यात पगार वाटपाच्या जागी सभासदांकडून वर्गणी गोळा करण्याचा हक्क आहे. पगारातून परस्पर कापायची तर कामगाराची लेखी संमती लागते. म्हणजे तुमच्या भाषेत आपण पहिल्यापासून 'ऐच्छिक'.

मात्र एकमेव प्रतिनिधी हा प्रकार आपण चांगला अनुभवलाय. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली कापड गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन होती. कामगार मनाने डॉ. दत्ता सामंतांकडे गेलेले, पण कायद्यानं बोलणी करायची ती संघानेच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात हा कायदा रद्द करा ही मागणी पुढे होती. अडीच लाख माणूस बाहेर आणि कायद्याला त्यांचा नेता दिसत नव्हता. त्यामुळे कोणी म्हणालं की एका युनियनला सगळ्यांच्या नावाने बोलू देणं हाच मूळ प्रश्न आहे, तर मी त्याला चटकन उडवून लावणार नाही. पण त्यावर औषध प्रतिनिधी बदलता येणं हे आहे. गुप्त मतदान घ्या, बहुमत कुणाचं ते बघा. युनियनची तिजोरी रिकामी करून गिरणी कामगाराचं काही भलं झालं नसतं.

शब्दाचं म्हणाल तर 'वर्गणी' चांगला. मात्र बिगर-सभासद देतो ती वर्गणी नव्हे, ते 'शुल्क' किंवा 'प्रतिनिधित्व खर्च'. आपल्याकडे करार झाल्यावर थकबाकीतून युनियन एकदाच जे घ्यायची त्याला आम्ही लेव्ही म्हणायचो, तो शब्द इथे नको, गोंधळ होईल.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

'सक्ती'बद्दलचा आक्षेप मान्य. 'ऐच्छिक'वरचा आक्षेपही तितकाच खरा. मग शब्दाऐवजी वर्णन ठेवू: 'युनियन-शुल्क कलमावर बंदी घालणारा कायदा', आणि पुढे थोडक्यात 'शुल्कबंदी कायदा'. यात बंदी आहे, पण ती कशावर आहे ते दिसतं, आणि ती मालक-युनियन करारावर आहे, माणसावर नाही, हेही दिसतं. समर्थक आणि विरोधक दोघांनाही हे वाक्य नाकारता येणार नाही. राजकीय घोषणा म्हणून शब्द येईल तिथे मात्र 'राईट टू वर्क' अवतरणात तसंच ठेवा, कारण त्या नावावरच लढाई आहे.

नावाचं वजन किती असतं याचा दाखला मिसूरीचा. तिथे विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा केला. कायदा अमलात येण्याआधीच युनियननी तीन लाखांहून अधिक सह्या जमवून तो सार्वमताला लावला. ऑगस्ट २०१८ मध्ये जवळपास ६७ टक्के लोकांनी तो फेटाळला. हेच मिसूरी त्याआधी दोन वर्षं ट्रम्प यांना मोठ्या फरकाने निवडून देणारं राज्य. म्हणजे रिपब्लिकन मतदार सरसकट या कायद्याच्या बाजूने असतो हे गृहीत धरता येत नाही. दारोदार जाऊन कायदा नेमका काय करतो ते सांगितलं की मतं बदलतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वाक्य असं केलं: 'करार लागू असलेल्या सर्वांकडून युनियनने शुल्क घेण्यावर बंदी घालणारा, राईट टू वर्क या नावाने ओळखला जाणारा कायदा मिशिगनने २०२३ मध्ये रद्द केला, कामगार संघटनांनी त्याचं स्वागत केलं.' लांब आहे, पण संपादकांना चालेल. आणखी दोन शब्द अडलेत: 'क्लोज्ड शॉप' आणि 'ॲट-विल'. पहिल्याला एका जुन्या अनुवादात 'बंद दुकान' दिलंय.

प्रतिसाद ३ कडून

'बंद दुकान' खोडाच. इथे शॉप म्हणजे कारखाना, आपण शॉप फ्लोअर म्हणतो तेच. क्लोज्ड शॉप म्हणजे आधी युनियनचा सभासद व्हा, मगच नोकरी. तो १९४७ पासून देशभर बेकायदा आहे, त्यामुळे आजच्या वादात कोणी 'या राज्यात नोकरीसाठी आधी युनियनमध्ये जावं लागतं' असं लिहिलं तर ते चूक. युनियन शॉप म्हणजे नोकरी लागल्यावर ठरावीक मुदतीत सभासदत्व, आणि तेही प्रत्यक्षात शुल्क देण्यापुरतंच. 'सभासद-भरती', 'भरतीनंतर सभासदत्व' असं सुटं करून लिहा.

'ॲट-विल' म्हणजे मालकाने कारण न देता कामावरून काढावं आणि कामगारानेही वाटेल तेव्हा सोडावं. 'मर्जीवरची नोकरी' म्हणता येईल. इथले नवे आलेले कितीतरी मराठी लोक म्हणतात, 'हे राईट टू वर्क राज्य आहे, आपल्याला कधीही काढू शकतात.' दोन्हींचा काही संबंध नाही. मर्जीवरची नोकरी मोंटाना सोडून बाकी सगळ्या राज्यांत आहे, शुल्कबंदी असो वा नसो. उलट युनियनच्या करारातच बहुधा 'सबळ कारणाशिवाय काढता येणार नाही' असं कलम असतं. हा फरक तळटीपेत न टाकता लेखाच्या अंगातच घ्या, कारण नोकरी गेल्यावर कुणाकडे जायचं हे त्यावर ठरतं.