मदत हवी आहे: भाची स्वतःला इजा करून घेतेय, ताईला सांगू का?

नमस्कार, विषय नाजूक आहे म्हणून नवीन आयडीने लिहितेय.

माझी भाची १९ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात माझ्याकडेच राहते. ताई-भाऊजी लातूरला असतात. मागच्या आठवड्यात तिच्या हातावर जखमा दिसल्या, जुने वणही होते. आधी म्हणाली मांजराने ओरबाडलं, मग रडायलाच लागली. "मावशी मला मरायचं नाहीये गं, पण डोक्यात इतकं साचतं की असं केलं की थोडा वेळ शांत वाटतं, प्लीज आईला सांगू नकोस."

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. मरायचा हेतू नसताना स्वतःला इजा करणं ह्याला नॉन-सुईसायडल सेल्फ इंज्युरी म्हणतात आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) ते 'अजून अभ्यास हवा' ह्या भागात घातलंय. सोबत काय काय आढळतं तेही वाचलं, डिप्रेशन, एन्झायटी, भावना आवरता न येणं, सतत स्वतःलाच दोष देणं, शरीराची लाज, आणि वाचताना हिचाच चेहरा समोर येत होता. बारावीला वर्गात पहिली आलेली मुलगी, इथे पहिल्याच सेमला दोन विषय राहिले आणि तेव्हापासून "मी युजलेस आहे" हेच तोंडात. जाडीवरून नातेवाईक बोलतात तेव्हा नुसती हसते. राग म्हणून कधी दाखवत नाही, सगळे म्हणतात किती शांत पोरगी, आता त्या कौतुकाचीच मला भीती वाटते.

ह्यांचं म्हणणं लक्ष वेधून घ्यायला करत असेल. मला हे अजिबात पटत नाही, जी एवढ्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे टॉप घालून लपवत होती तिला कुणाचं लक्ष हवंय?

ताईला सांगितलं तर भाची माझ्याशीही बोलणं बंद करेल, नाही सांगितलं आणि उद्या काही झालं तर? आधी थेरपी देणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडे न्यायचं की औषधं देणाऱ्या सायकिअ‍ॅट्रिस्टकडे? आणि घरात मी कसं वागू, रोज हात बघू का, शपथ घालू का? ज्यांच्या घरात हे झालंय किंवा जे स्वतः ह्यातून गेलेत त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद:

ताई, मी कॉलेजच्या मुलींचं काउन्सेलिंग करते. शपथ नको आणि रोजची तपासणी तर नकोच. ह्याने ताण खरंच काही वेळ उतरतो म्हणून ते पुन्हा पुन्हा होतं, दुसरा उपाय हातात न देता नुसतं बंद कर म्हटलं की मुली अजून लपवतात. जखम ताजी असेल तर डॉक्टरांना दाखवा, न ओरडता.

तिला मरायचं नाहीये हे खरं असेलही, पण असं करणाऱ्यांत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढतो म्हणून सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर एकटी सोडू नका, लगेच हॉस्पिटलला न्या, आणि तेव्हा तिच्या आईला सांगायचंच. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे फसवलं असं वाटणार नाही. एरवी ती सज्ञान आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, आईला सांगायचं ते तिच्यासोबत बसून सांगा.

झोप उडालीय, खाणं तुटलंय असं असेल तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट, नाहीतर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात चालेल. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) येतं का ते विचारा, अमेरिकन सायकॉलॉजिस्ट मार्शा लिनेहन ह्यांनी ही थेरपी आत्महत्येचे विचार वारंवार येणाऱ्या स्त्रियांवर काम करतानाच घडवली, त्यात भावनेची लाट कशी सोसायची ते शिकवतात. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात. आधी तुम्ही स्वतः करा, मग नंबर तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.