देशभरातील आघाडी आणि राज्यांचे गणित

देशभरातील जनमत चाचण्यांत जो उमेदवार दोन-तीन टक्क्यांनी पुढे आहे तोच अमेरिकेचा अध्यक्ष होणार, हा या चर्चेत आपण मांडलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. २०१६ मध्ये देशव्यापी चाचण्या फारशा चुकल्या नव्हत्या. हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मते अधिक पडली, तरीही विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून ८० हजारांहून कमी मतांच्या फरकाने अध्यक्षपद ट्रम्प यांच्याकडे गेले. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जिंकणाऱ्याच्या पदरात तेथील सर्व इलेक्टोरल मते (अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणारी, राज्यांना ठरवून दिलेली मते) पडतात, त्यामुळे कॅलिफोर्नियातील भरघोस मताधिक्य इतरत्र कामी येत नाही.

खरी गफलत झाली ती राज्यांच्या चाचण्यांत. पदवीधर मतदार पाहणीला अधिक तत्परतेने उत्तर देतात, आणि अनेक संस्थांनी शिक्षणानुसार आकडे दुरुस्त केलेच नाहीत; परिणामी ट्रम्प यांना भरभरून मते देणारा पदवी नसलेला गोरा मतदार त्या आकड्यांत पुरेसा उमटलाच नाही. शिवाय ज्या कारणाने विस्कॉन्सिनचा अंदाज हुकतो, त्याच कारणाने शेजारच्या मिशिगनचाही हुकतो. ही बाब हिशेबात धरणाऱ्या फाइव्हथर्टीएट या निवडणूक अंदाज मांडणाऱ्या संकेतस्थळाने ट्रम्प यांच्या विजयाची शक्यता जवळपास ३० टक्के सांगितली होती, आणि एवढी शक्यता मुळीच किरकोळ म्हणता येत नाही. तेव्हा आपण ज्या चाचण्यांच्या आधारे हा निष्कर्ष काढला आहे, त्यांतील राज्यनिहाय आकडे कृपया येथे द्यावेत.