वळचणीचे बर्फाचे सुळके वळ्यांचे आणि वाकडे का?

हिमरेषा: यंदा वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळके गुळगुळीत नाहीत. अंगावर सेंटिमीटरभर अंतराने वळ्या आहेत, काही भिंतीकडे वाकलेत. थंडीही सलग टिकत नाही, दिवसा वितळतं, रात्री गोठतं. हवामान बदललंय की छपरात बिघाड आहे?

थेंबेथेंबे: वळ्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे येतात. टोरांटो विद्यापीठातल्या प्रयोगांत ऊर्ध्वपातित पाण्याचे सुळके गुळगुळीत वाढले, पण त्यात किंचित मीठ मिसळताच वळ्या उमटल्या. तापमान बदललं तरी त्यांच्यातलं अंतर १ सेंमीच्या आसपासच राहतं. पन्हळीत कुजलेली पानं असतील तर आधी ती काढा. भिंतीकडे वाकलेल्या सुळक्यांसाठी छपराची कड पाहा. बर्फाचा थर घसरत कडेवरून आत वळतो आणि सुळक्यांना सोबत फिरवतो. तो थर केव्हाही कोसळू शकतो, खालून ये-जा बंद ठेवा.

माळ्यावरचा: वळ्यांपेक्षा मला सुळक्यांच्या मागची काळजी वाटते. ढगाळ दिवशी, बाहेर उणे ५ अंश असतानाही सुळके वाढत असतील तर बर्फ उन्हाने नाही, घरातल्या उबेने वितळतोय. ते पाणी थंड कडेवर गोठून बांध तयार होतो, मागे तुंबलेलं पाणी कौलांखालून आत शिरतं.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी माळ्याचं झाकण, पाइप आणि दिव्यांभोवतीच्या फटी बुजवा (धुराड्याभोवती फोम नको, पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट वापरा). मग ग्लासवूलचा (उष्णता अडवणाऱ्या काचतंतूंच्या गादीचा) थर वाढवा. नुसतं ग्लासवूल हवा अडवत नाही, दमट हवा त्यातून वर जाऊन छपराच्या फळ्यांना ओल धरते. वळचणीकडची हवेची वाट मोकळी ठेवा. बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यात सोडलेली असेल तर थेट बाहेर काढा.

तात्पुरता उपाय म्हणजे लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराईड (बर्फ वितळवणारा क्षार) भरून बांधावर आडवा नाही, छपराच्या उताराच्या दिशेने उभा ठेवा, म्हणजे पाण्याला वाट होते. हातोडा मारू नका, कौलं फुटतात.

पारा: हवामानाचा निष्कर्ष एका हिवाळ्यावरून काढू नका. सुळक्याला वितळणं आणि गोठणं दोन्ही लागतं, सलग कडाक्यात ते उलट कमी होतात. कमाल-किमान तापमापक सावलीत, भिंतीपासून दूर, जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर लावा. कमाल शून्याच्या वर आणि किमान शून्याखाली, असे दिवस दरमहा मोजा. जवळच्या वेधशाळेच्या १९९१–२०२० च्या नोंदींत तसेच दिवस मोजून ताडून पाहा. बाजूला त्या दिवशी ऊन होतं का, तेही लिहा. छपराच्या तपासणीलाही तीच नोंद लागेल.