मदत हवी आहे: पाडलेला ट्रोल परत उठतोय, उद्या संध्याकाळी सेशन आहे

फासेवाला_कोथरूड (शुक्रवार, रात्री १०:४०)

लवकर सांगा प्लीज, उद्या सहाला डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसायचंय.

ट्रोल (खेळातला राक्षस) मरत नाहीये. गेल्या शनिवारी दोनदा पाडला, दोन्ही वेळा उठून उभा राहिला. दुसऱ्यांदा उठला तेव्हा माझे फक्त ७ हिट पॉइंट्स (जीव) उरले होते, म्हणून आम्ही पुलाखालून पळ काढला. ट्रोल आगीनं मरतो हे आम्हाला माहीत आहे. आग वापरली होती. तरी उठला. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारलं तर म्हणतो, "मी नियमानंच चालवतोय, नीट वाचा." चारदा वाचलं. आमचं काय चुकतंय?

वीसपैलू (१०:५२)

नियमांची कुठली एडिशन? कितव्या लेव्हलला आहात? पार्टीत कोण कोण आहे? आणि "आग वापरली" म्हणजे नेमकं काय केलं? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

जुनी_आवृत्ती (१०:५८)

पाडल्यावर जिवंत सोडलात कशाला? ट्रोलला आग किंवा ॲसिड सोडून बाकी सगळी इजा नॉन-लीथल (जीव न घेणारी) धरली जाते. तो बेशुद्ध पडला की पेटत्या शस्त्रानं कू-द-ग्रास (शेवटचा घाव) द्यायचा, विषय संपला. आणि तुम्ही पुलाखाली आहात म्हणजे पाणी आहेच. बुडवा. गुदमरून झालेलं नुकसान रीजनरेशननं (आपोआप जखमा भरण्यानं) भरून येत नाही. आम्ही गेली कित्येक वर्षं ट्रोल असेच मारतो.

नियमावली (११:०५)

@जुनी_आवृत्ती हे ३.५ या जुन्या एडिशनचे नियम आहेत. त्यात ट्रोलचं रीजनरेशन ५ आहे आणि नॉन-लीथलचा सगळा हिशोब त्याच एडिशनचा. धागाकर्ते फिफ्थ एडिशन खेळत असतील तर तिथे नॉन-लीथलचा संबंधच येत नाही. आधी त्यांना एडिशन तर सांगू द्या.

फासेवाला_कोथरूड (११:१२)

फिफ्थच, दुसरं कोण काय खेळतं? २०१४ चं पुस्तक. लेव्हल ४. मी फायटर, माझी धाकटी बहीण क्लेरिक (देवाच्या नावानं मंत्र टाकणारी), एक चोर, एक बार्ड (गाणी गाऊन मंत्र टाकणारा). आग क्लेरिकनं लावली. प्रत्येक राउंडला लावत होती.

मावळतीचा_पॅलाडिन (११:१५)

क्लेरिककडे आग आली कुठून? कुठला डोमेन (तिच्या देवाचं क्षेत्र)?

फासेवाला_कोथरूड (११:१७)

लाइफ डोमेन. सेक्रेड फ्लेम नावाचा स्पेल (मंत्र).

नियमावली (११:१९)

सापडलं. सेक्रेड फ्लेम ही आग नाही. नावात ज्वाला आहे, पण इजेचा प्रकार रेडियंट (दैवी प्रकाशाचा) आहे. स्पेलचा मजकूर उघडून बघा: डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईनं वाचण्याचा फासा), तो चुकला तर १डी८ (एका आठपैलू फाशावर येईल तेवढी) रेडियंट. ट्रोलचं रीजनरेशन दोनच प्रकारच्या इजा थांबवतात, ॲसिड आणि फायर. तुमच्या डीएमनं बरोबरच चालवलंय.

फासेवाला_कोथरूड (११:२६)

अरे देवा. बहीण शेजारीच बसलीये, तिला दाखवलं. तिची ही पहिलीच मोहीम आहे. मागच्या शनिवारी घरी येताना रिक्षात सारखी म्हणत होती, मी इतकी जाळत होते तरी तो का उठला. तिला वाटतंय तिच्या चुकीमुळे सगळे मरता मरता वाचलो.

पण मशालसुद्धा वापरली होती! चोरानं मशाल मारली, लागली, डीएमनं १ फायर डॅमेज लिहून घेतलं. मग ते का नाही चाललं?

मावळतीचा_पॅलाडिन (११:३०)

बहिणीला सांगा, वाईट वाटून घेऊ नकोस. ही चूक जवळजवळ प्रत्येक नव्या क्लेरिककडून होते. आणि तो स्पेल वाया जाणारा नाही. कधी व्हॅम्पायर समोर आला तर त्याचं दर टर्नचं २० चं रीजनरेशन रेडियंट इजेनं किंवा पवित्र पाण्यानं थांबतं. तिथे तीच सगळ्यांत कामाची ठरेल. आग घेऊन आलेला तिथे नुसता बघत बसेल.

वीसपैलू (११:३३)

मशाल कितव्या राउंडला लागली आणि ट्रोल पडला कितव्या राउंडला? हे महत्त्वाचं आहे.

फासेवाला_कोथरूड (११:३६)

मशाल पहिल्या राउंडला. पडला चौथ्या राउंडला बहुतेक. पडल्यावर आम्ही पुलाखालची पेटी उघडायला गेलो.

वीसपैलू (११:५०)

तुमची खरी अडचण हीच आहे. सावकाश वाचा.

ट्रोलचे ८४ हिट पॉइंट्स. दर टर्नच्या सुरुवातीला १० परत मिळतात. आग किंवा ॲसिड लागलं, मग ते एकच पॉइंट का असेना, की फक्त त्याच्या *पुढच्या* टर्नच्या सुरुवातीला ते १० मिळत नाहीत. तेवढंच. पहिल्या राउंडची मशाल दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला उपयोगी पडली आणि तिथे तिचं काम संपलं. चौथ्या राउंडला तिचा काही उपयोग नाही.

आता मरण्याची अट. शून्यावर आला म्हणून ट्रोल मरत नाही. स्वतःच्या टर्नच्या सुरुवातीला तो शून्यावर असेल आणि *त्याच वेळी* रीजनरेशन बंद असेल, तरच मरतो. म्हणजे त्याचा एक टर्न संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंतच्या फटीत दोन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत: तो शून्यावर पाहिजे आणि त्याला आग लागलेली पाहिजे. क्रम कुठलाही चालेल. आधी जाळा मग पाडा, किंवा पाडून मग जाळा. पण त्याच फटीत.

म्हणून इनिशिएटिव्हचा (कोणाचा टर्न कधी, या क्रमाचा) कागद समोर ठेवून खेळा. ट्रोल पडला की पेटीकडे जायचं नाही. ज्याचा टर्न ट्रोलच्या आधी येतो त्यानं मशाल घेऊन त्याच्याकडेच जायचं. तो आडवा पडलेला असतो, त्यामुळे पाच फुटांच्या आतून मारणाऱ्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) मिळतो. एक लागली की झालं. चुकली तर पुढच्यानं मारायची, म्हणून मशाली दोघांच्या हातात ठेवा. एक मशाल एका तांब्याच्या नाण्याला मिळते.

चौकट_कागद (शनिवार, सकाळी ७:२०)

नकाशा वापरता का? खूप गोंधळ नकाशा नसल्यानं होतो. पांढऱ्या कार्डशीटवर एक-एक इंचाच्या रेघा मारा, एक चौकोन म्हणजे पाच फूट. ट्रोल मोठ्या आकाराचा आहे, तो दोन बाय दोन म्हणजे चार चौकोन अडवतो. मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) परवडत नसतील तर तुळशीबागेतली छोटी प्राण्यांची खेळणी चालतात, मी सात वर्षं तीच वापरतोय. कार्डशीट, रंगीत पेन, पट्टी वगैरे अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळून जातं. मात्र शनिवारी दुपारी तिथे गाडी लावायला जागा नसते, सकाळीच जा.

नियमावली (७:४१)

@चौकट_कागद माहिती चांगली आहे, पण त्यांनी नकाशाबद्दल विचारलेलंच नाही.

मावळतीचा_पॅलाडिन (७:५५)

मशालीपेक्षा अल्केमिस्ट्स फायर (फेकायची पेट घेणारी बाटली) घ्या. ५० सोन्याची नाणी. एकदा फेकून लागला की दर टर्नला १डी४ आग आपोआप, परत परत मारायची गरज नाही.

वीसपैलू (८:१०)

नका घेऊ, निदान पडलेल्या ट्रोलवर तरी नका फेकू. त्या बाटलीची इजा ट्रोलच्या *टर्नच्या सुरुवातीला* होते, आणि रीजनरेशनही तेव्हाच. नियम काटेकोर वाचला तर ती आग पुढच्या टर्नचं रीजनरेशन थांबवते, चालू टर्नचं नाही. म्हणजे तो १० पॉइंट्स घेऊन उठणार, आणि मग जळत राहणार. ॲसिडची बाटली २५ नाण्यांना मिळते, निम्म्या किमतीत, आणि तिचं २डी६ लागता क्षणीच लागतं. ट्रोलसाठी ॲसिडच.

मावळतीचा_पॅलाडिन (८:१४)

आमच्या टेबलावर आग आधी मोजतात, मग रीजनरेशन. ट्रोल मेला होता.

वीसपैलू (८:१७)

तुमच्या डीएमनं तसं ठरवलं म्हणून. यांचा डीएम "नियम वाचा" म्हणणारा आहे. त्याच्यापुढे वाद होईल असली वस्तू घेऊन जाऊ नये.

जुनी_आवृत्ती (८:३०)

मी परत सांगतो, बुडवा. फिफ्थमध्येही गुदमरणाऱ्याला श्वास मिळेपर्यंत हिट पॉइंट्स परत मिळत नाहीत. म्हणजे रीजनरेशन बंद, शून्यावर आला की मेला. ना आग, ना ॲसिड.

नियमावली (८:४४)

नियम बरोबर, पण हिशोब करा. ट्रोलचं कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा टिकाव) २०, म्हणजे +५. श्वास रोखून धरतो १ + ५ = ६ मिनिटं. सहा सेकंदांचा एक राउंड धरला तर ६० राउंड. त्यानंतर आणखी ५ राउंड. तोवर दर राउंडला १० पॉइंट्स भरून निघतायत, म्हणजे तो पूर्ण ताकदीनं झटापट करणार. स्ट्रेंग्थ (ताकद) १८. चौथ्या लेव्हलचा, ७ पॉइंट्सवर आलेला फायटर त्याला ६५ राउंड पाण्याखाली धरून ठेवणार?

जुनी_आवृत्ती (८:५०)

बेशुद्ध ट्रोल श्वास रोखून धरत नाही. पाडा आणि तोंड पाण्यात दाबा.

नियमावली (८:५३)

पाडला की पुढच्याच टर्नला १० पॉइंट्स घेऊन शुद्धीवर येतो. मूळ प्रश्नच तो आहे.

दक्षिणद्वार (९:१५)

मला फार वाटतं की हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे. जरासंधाचे दोन तुकडे भीमानं केले, ते परत जुळले. मग कृष्णानं गवताची काडी चिरून दोन भाग उलट्या बाजूंना टाकून दाखवले आणि भीमाला कळलं. ट्रोलचंही तसंच करा, दोन तुकडे करून दोन दिशांना फेका. रक्तबीजाचं तर जमिनीवर पडलेल्या प्रत्येक थेंबातून नवा राक्षस व्हायचा, म्हणून कालीनं रक्त खाली पडूच दिलं नाही. डीएमनी या गोष्टींवरून राक्षस बनवले पाहिजेत.

जुनी_आवृत्ती (९:२८)

हे आवडलं. ३.५ मध्ये ट्रोलचा तुटलेला अवयव ३डी६ मिनिटांत परत उगवतो, आणि तुटलेला तुकडा जागेवर धरला तर लगेच जुळतो. त्याहून जुन्या एडिशनमध्ये तर तुटलेले हात स्वतःच लढत राहायचे. तिथे तुकडे लांब फेकण्याला खरंच अर्थ होता.

नियमावली (९:३५)

फिफ्थच्या मूळ नियमात नाही. २०१४ च्या पुस्तकात अवयव तुटण्याचा नियम पर्यायी आहे. आणि तोडलेल्या तुकड्यांनाही शेवटी जाळावंच लागतं. धागाकर्ते, तुमच्या बार्डकडे कुठले स्पेल्स आहेत? अजून सांगितलं नाहीत.

फासेवाला_कोथरूड (१०:०२)

बार्डचं काय विचारता, तो गाणी म्हणून इन्स्पिरेशन देतो. त्याला फोन केला. क्युअर वूंड्स, हीलिंग वर्ड, व्हिशियस मॉकरी... आणि हीट मेटल आहे म्हणतो. दुकानदाराची कढई तापवून दाखवायला घेतला होता, नंतर कधी वापरलाच नाही.

सदाशिवपेठी_बार्ड (१०:०९)

हीट मेटल आहे आणि तुम्ही मशालींवर बोलताय!

मी दोन मोहिमा बार्ड खेळलोय, पोटतिडकीनं सांगतो. हीट मेटल: साठ फुटांच्या आत दिसणारी कुठलीही घडवलेली धातूची वस्तू निवडा. ती लालबुंद होते आणि तिला टेकलेल्या कुणालाही २डी८ फायर. या इजेला अटॅक रोल (वार लागतो का याचा फासा) नाही, सेव्ह नाही, चुकण्याचा प्रश्नच नाही. आणि पुढच्या प्रत्येक टर्नला बोनस ॲक्शननं (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीनं) तीच इजा परत. कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरचं लक्ष) टिकलं तर मिनिटभर चालतं.

ट्रोलच्या अंगावर धातू नाही, म्हणून लोक हा स्पेल विसरतात. धातू तुम्ही न्यायचा. चोरानं खंजीर त्याच्या अंगात खुपसून तसाच सोडावा, किंवा तो पडल्यावर एखादी साखळी अंगावर टाकावी. मग बार्डनं ती तापवायची. फक्त ती वस्तू आपल्यातल्या कोणी धरलेली नको, नाहीतर त्यालाही २डी८. डीएमला आत्ताच मेसेज टाका की खंजीर आत राहू शकतो का. टेबलावर विचारलंत तर अर्धा तास जाईल.

वीसपैलू (१०:१५)

हे माझ्या मशालींपेक्षा चांगलं आहे. पण मशाली न्याच, कॉन्सन्ट्रेशन तुटू शकतं.

फासेवाला_कोथरूड (१०:३१)

डीएमला मेसेज टाकला. "खंजीर राहील. शेवटी वाचलंत तर." एवढंच उत्तर. मशाली चार घेतल्या, एक बहिणीच्या क्लेरिककडे. सगळ्यांचे खूप आभार, रात्री सांगतो.

फासेवाला_कोथरूड (रात्री ११:४८)

मेला!

इनिशिएटिव्हमध्ये ट्रोल पहिला, मग मी, चोर, बहीण, शेवटी बार्ड. दुसऱ्या राउंडला चोरानं खंजीर खुपसून आत सोडला आणि बार्डनं तापवायला सुरुवात केली. तिसऱ्या राउंडपासून त्याचे १० परत येणं बंद. चौथ्या राउंडला ट्रोलनं बार्डला असा पंजा मारला की कॉन्सन्ट्रेशन गेलं, खंजीर थंड. @वीसपैलू, तुमच्या मशालींनी वाचवलं. त्याच राउंडला माझ्या वारानं ट्रोल शून्यावर आला. चोराची मशाल चुकली, ॲडव्हान्टेज असून. मग बहिणीचा टर्न. तिनं दोन फासे टाकले, ६ आणि १६. मशाल लागली, १ पॉइंट.

बार्डकडे काही उरलं नव्हतं. परत ट्रोलचा टर्न आला, डीएमनं त्याचा कागद उचलला आणि उलटा करून ठेवला. बहीण ओरडली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

@मावळतीचा_पॅलाडिन, बहीण विचारतेय, व्हॅम्पायर शून्यावर आला की धुकं होऊन शवपेटीकडे जातो म्हणतात, तर ती शवपेटी आधी शोधायची की नंतर?