ताप नाही, रक्तदाबही ठीक. तरी सेप्सिस समजावा का?

प्रश्न (परिचारिका, सर्जिकल वॉर्ड):
आतड्याच्या शस्त्रक्रियेचा चौथा दिवस असलेले एक वृद्ध रुग्ण संध्याकाळपर्यंत नीट बोलत होते. रात्री मात्र ते मुलीला ओळखेनात आणि हाताची सलाइन उपटू लागले. ताप नव्हता, रक्तदाब 106/60 होता. चार्टवर श्वसनदर 18 लिहिलेला होता, पण मी घड्याळ समोर धरून मिनिटभर मोजला तेव्हा तो 28 भरला. ड्यूटीवरील डॉक्टरांनी हा मॉर्फिन या वेदनाशामकाचा परिणाम ठरवला. मी आग्रह धरायला हवा होता का?

उत्तर (फिजिशियन):
हवा होता. मॉर्फिनने श्वास मंदावतो, वाढत नाही. तेवढ्यावरच ते निदान डळमळते. 2016 च्या व्याख्येनुसार संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयवांचे कार्य बिघडणे म्हणजे सेप्सिस. त्यात तापाची अट नाही, आणि वृद्धांमध्ये तो अनेकदा येतच नाही. बदललेले भान आणि 22 किंवा अधिक श्वसनदर हे क्यूसोफाचे (सेप्सिसचा धोका खाटेशीच झटपट जोखण्याची गुणपद्धत) दोन निकष येथे जुळतात. मात्र ते जुळले नाहीत म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही एकट्या क्यूसोफावर विसंबू नका असेच सांगतात. (चार्टवर ओळीने 18, 18, 18 दिसले की मला तर श्वसनदर मोजलाच नसावा अशी शंका येते.)

उत्तर (अतिदक्षता विभाग):
लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्यास रक्तात वाढणारे आम्ल) तपासायला पाठवा, ब्लड कल्चर (रक्तातील जंतू शोधणारी तपासणी) घ्या, पण कल्चरपायी अँटिबायोटिक रखडू देऊ नका. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर ते तासाभरात सुरू व्हावे. रक्तदाब घसरला किंवा लॅक्टेट वाढलेले आले, तर पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान 30 मिलिलिटर, म्हणजे 60 किलोच्या रुग्णाला सुमारे 1800 मिलिलिटर द्रव द्यावा आणि देताना छाती ऐकत राहावे. सरासरी रक्तदाब 65 वर टिकत नसेल तर सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेतील नळी) वाट न पाहता हाताच्या शिरेतूनच नॉरॲड्रेनालिन हे रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करता येते.

उत्तर (सर्जन):
सर्जनलाही त्याच रात्री उठवा. आतड्याचा जोड गळत असेल, तर पोटातील घाण बाहेर काढल्याखेरीज अँटिबायोटिक पुरे पडत नाही. फुप्फुसातील रक्ताची गुठळीही श्वास असाच वाढवते. शॉक नसेल तर कारण संसर्ग आहे की दुसरे काही, ही शहानिशा तीन तासांच्या आत उरकावी, आणि तरीही संसर्गाचा संशय उरला तर अँटिबायोटिक द्यावे.

प्रश्नकर्ती:
आभार. लॅक्टेट सकाळी गेले, ते 4.1, म्हणजे वाढलेले आले, सीटी स्कॅनमध्ये जोड गळत असल्याचे दिसले. रुग्ण आता शस्त्रक्रियागृहात आहेत.