गोव्याला 14 वर्षं थांबावं लागलं ते नेहरूंमुळेच ना?

डिचोलीकर
देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, आपण 19 डिसेंबर 1961 ला. माझ्या मते ही 14 वर्षं एका माणसाच्या प्रतिमेपायी गेली. जगाला शांततेचा मार्ग सांगणारे नेहरू शेजारच्या वसाहतीत सैन्य पाठवायला कचरत होते. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर दिल्लीने काय केलं? नाकेबंदी केली, आणि पुढच्या सत्याग्रहींना हद्दीवरच अडवलं. शेवटी सैन्य आलं तेव्हा सगळं 36 तासांत आटोपलं. मग आधी का नाही?

म्हापशाची वाचक
डिचोलीकर, पाँडिचेरी विसरलात का? नेहरू तेच, धोरणही तेच: बोलणी करायची, सैन्य नाही. जून 1954 मध्ये फ्रान्समध्ये मेंदेस-फ्रान्स पंतप्रधान झाले आणि 1 नोव्हेंबरला पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला. इथे समोर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार होता. त्याने 1951 मध्येच घटना बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ करून टाकलं होतं, म्हणजे बोलण्यासारखं काही उरलंच नाही! डिसेंबर 1961 मध्ये गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना त्याचा हुकूम होता की शरणागती पत्करायची नाही. त्यांनी तो मोडला आणि गोव्यातला मोठा रक्तपात टळला. त्यापायी त्यांना लष्करातून काढलं. देशाचं परराष्ट्र धोरण एका माणसाच्या हट्टावर चालतं ते असं.

डिचोलीकर
सालाझार हट्टी होता हे मान्य, ताई. पण समोरचा बोलणार नाही हे 1955 लाच दिसत होतं. नंतरची सहा वर्षं कशासाठी? नाकेबंदीने त्याचं काही बिघडलं नाही. लोहखनिज जपानला जातच राहिलं. झळ लागली ती मुंबईतल्या कमावत्या माणसाच्या पैशांवर चालणाऱ्या इथल्या घरांना.

फोंड्याहून
त्या सहा वर्षांत काय झालं ते राष्ट्रसंघात बघा. 1955 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणत होते. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. तेव्हा सैन्य घुसवलं असतं तर आपल्या बाजूने कोण उभं राहिलं असतं? 1960 मध्ये आफ्रिकेतले 16 नवे देश राष्ट्रसंघात आले. त्याच वर्षी 15 डिसेंबरच्या ठरावाने पोर्तुगालच्या वसाहतींची यादी केली, तीत गोवाही होता. ‘प्रांत’ हा दावा तिथेच पडला.

मग 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. बाजूने 7, विरोधात 4. रशियाने नकाराधिकार वापरला नसता तर तो मंजूर होता. उरलेली तीन विरोधी मतं सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि इजिप्तची. यातले सिलोन आणि इजिप्त अलिप्ततेच्या राजकारणातून जोडलेले. ती पत नेहरूंनी वर्षानुवर्षं कमावली होती, आणि ती नेमकी आपल्यासाठी खर्च झाली.

मडगावकर
रशियाचा नकाराधिकार म्हणजे नेहरूंची पत? शीतयुद्धात पश्चिमेला अडवायची संधी मॉस्को सोडणारच नव्हता. रशियाचे नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह 1955 मध्येच भारतात येऊन गोव्याच्या बाजूने बोलून गेले होते. म्हणजे तो आधार तेव्हाही होता. मी डिचोलीकरांच्या बाजूने आहे.

फोंड्याहून
रशियाचं सोडा, लायबेरियाचं काय? तो तर अमेरिकेच्या जवळचा देश. तरी त्याने वसाहतवादाविरुद्ध मत दिलं. 1955 मध्ये हे मत कुठून आणलं असतं?

म्हापशाची वाचक
आणि जगात आपली नाचक्की झाली म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिका तेव्हा चिडली खरी, पण वर्षभरात चीनने हल्ला केला तेव्हा केनेडींनीच शस्त्रं पाठवली. पोर्तुगालने मात्र सालाझारने उभारलेली राजवट 1974 मध्ये कोसळेपर्यंत गोवा भारताचा मानला नाही. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला करार झाला. राज्यकर्ते बदलले आणि काही महिन्यांत प्रश्न मिटला.

डिचोलीकर
लायबेरियाचा मुद्दा मला पटतो. पण मतं जमेपर्यंत आग्वादच्या तुरुंगात माणसं खितपत पडली होती. त्यांना हा हिशेब कुणी विचारला होता?