फोर बाय फोरचा दिवा लागतो, पण पुढची चाके ओढत नाहीत : पुढच्या डिफरन्शियलची जोडणी खात्रीची कशी करावी?

पांदणवाट (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे दुसऱ्या हाताने घेतलेली डिझेल इंजिनाची जुनी फोर बाय फोर गाडी आहे. आमचे वावर गावापासून अडीच किलोमीटर आत असून तिथे जायला पांदणीशिवाय दुसरी वाट नाही, आणि पांदणीच्या मध्यावर एक नाला आहे. उन्हाळ्यात तिथून मोटारसायकलही सहज जाते, पण मृगाचे दोन पाऊस पडले की काळी माती चाकाला अशी लपेटते की रिकामी बंडी ओढतानाही बैल गुडघ्यावर येतात. गाडी घेतली ती याच चार महिन्यांसाठी. बियाणे, खत आणि मजूर नेणे हे तर आहेच, पण वावरात राहणाऱ्या आमच्या सालगड्याच्या घरी रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचवणारे दुसरे साधन नाही.

अडचण अशी की लिव्हर फोर-हायमध्ये (चारही चाके ओढण्याच्या स्थितीत) टाकला की डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, परंतु दर तीन-चार वेळांमागे एकदा तरी पुढची चाके ओढत नाहीत. गेल्या श्रावणात नाल्याच्या चढावर गाडी रुतली तेव्हा माझ्या मुलाने खाली उतरून टॉर्च लावून पाहिले. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या एक्सलला जोर नेणारा लांब दांडा) जोरात फिरत होता, मागची चाके चिखल उडवत होती आणि पुढची दोन्ही चाके मात्र जागची हलत नव्हती. ही जोडणी इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून घेतल्याने होणाऱ्या निर्वातावर) चालते. पुढच्या एक्सलवर एक गोल डबी असून तिला रबरी नळी येते.

आमच्या मिस्त्रींच्या मते क्राऊन-पिनियन (आतली दातेरी चक्रे) गेले असावे, म्हणून डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा एक्सलमधला भाग, पूर्ण उघडावे लागेल. दुसरे एक जण सांगतात की व्हॅक्यूम काढून केबल लावा. मृगाला महिनाच उरला आहे. चुकीच्या ठिकाणी पैसे घालण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

जुना लेथ (आर्वी)

भाऊ, तुमच्या मुलाने टॉर्चच्या उजेडात जे पाहिले त्यात अर्धे निदान झालेले आहे. प्रोपेलर शाफ्ट फिरत होता, म्हणजे ट्रान्स्फर केसने (गिअरबॉक्समधला जोर पुढच्या एक्सलकडेही वळवणाऱ्या पेटीने) आपले काम केले होते. दोष त्याच्या पुढे आहे, पण तो डिफरन्शियलच्या दातांत असेलच असे नाही.

अशा गाड्यांत पुढच्या एका बाजूचा एक्सल शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना खाचा असतात आणि त्यांवर एक सरकणारी कॉलर बसते. डबीतला रबरी पडदा व्हॅक्यूमने ओढला गेला की फोर्क, म्हणजे दोन गालांचा काटा, कॉलरला सरकवतो आणि तुकडे जोडले जातात. कॉलर सुटलेली असेल, तर आतला सुटा तुकडा मोकळा फिरतो. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की तो दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एका बाजूला अडवणूकच नसेल तर दुसऱ्या बाजूलाही जोर मिळत नाही. म्हणून दोन तुकड्यांचा शाफ्ट एकाच बाजूला असूनही तुमची दोन्ही चाके उभी राहिली, आणि तो सुटा तुकडा आत दुप्पट वेगाने फिरत राहिला. दिवा लागण्याचे कारणही बहुधा हेच असावे की त्याचा स्विच ट्रान्स्फर केसवर आहे, कॉलरवर नाही. दिवा लिव्हरची स्थिती सांगतो, चाकाची नाही.

उघडण्याआधी हे करा. सपाट जागी मागच्या चाकांना ओट (अडवायचे ठोकळे) लावा, पुढची दोन्ही चाके उचलून एक्सल लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली जाऊ नये. इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये आणि ट्रान्स्फर केस फोर-हायमध्ये टाका. डबी उतरवून फोर्क हाताने जोडणीच्या दिशेने सरकवा. आता डावे चाक हाताने फिरवा. उजवे चाक उलट्या दिशेने फिरले, तर कॉलर, खाचा आणि डिफरन्शियल ठीक आहेत. उजवे हललेच नाही, तर कॉलर बसत नाही. क्राऊन-पिनियनचे दात तुटले असते तर ओढताना कडकड आवाज आला असता आणि तेलात लोखंडाचा चुरा सापडला असता. ड्रेन प्लग काढून तेवढे पाहून घ्या.

डबीचीही परीक्षा सोपी आहे. दांडा स्प्रिंगविरुद्ध व्हॅक्यूम ओढतो त्या दिशेने पूर्ण सरकवा, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि मग दांडा सोडा. तो जागीच थांबला तर पडदा शाबूत आहे. हळूहळू परत आला तर पडद्याला छिद्र आहे.

दक्षिण गडचिरोली

मी वेगळा मार्ग सुचवतो. आमच्याकडे भामरागडच्या वाटेवर पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की गावेच्या गावे तुटतात, आणि तशा दिवसांत कॉलर बसली की नाही याची शंका बाळगत गाडी चालवणे मला मान्य नाही. मी व्हॅक्यूमची डबीच काढून टाकली, फोर्कच्या दांड्यावर लोखंडी क्लॅम्प बसवला आणि कॉलर कायमची जोडून ठेवली. गाडी टू-व्हीलमध्ये असली तरी पुढचा प्रोपेलर शाफ्ट आता सतत फिरतो, पण ट्रान्स्फर केस सुटलेली असल्याने त्याच्यावर जोर येत नाही. चार पावसाळे झाले, एकदाही दगा नाही. जो भाग नाही तो बिघडतही नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर चारही चाके ओढत असली तरी गाडी घालू नका. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते आणि उचलते, तिथे डिफरन्शियलचा काही उपयोग नाही.

रेगूर (दारव्हा)

कायम जोडण्याला माझा पूर्ण विरोध नाही, पण प्रश्नकर्त्यांची गाडी आठ महिने डांबरी रस्त्यावर नागपूर-यवतमाळ करत असेल तर तो सल्ला तसाच घेऊ नये. पुढचा शाफ्ट ताशी ८० किलोमीटरला सतत फिरू लागला की त्याचे जुने क्रॉस (टोकांचे वळते सांधे) थरथर दाखवतात, ऑइल सील झिजतात आणि डिझेलही थोडे जास्त लागते. दक्षिण गडचिरोली यांच्या क्लॅम्पचा हंगामी वापर मला अधिक पटतो : मृगापूर्वी लावावा, दिवाळीनंतर काढावा.

मला मात्र त्याआधीच्या एका गोष्टीची काळजी वाटते. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा मॅनिफोल्डचा (हवा आत घेणाऱ्या नळीचा) व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो, आणि बहुतेक गाड्यांत तोच पंप ब्रेक बूस्टरलाही (पेडल हलके करणाऱ्या भागालाही) व्हॅक्यूम पुरवतो. पडद्याचा व्यास ७ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर होते. पाऱ्याच्या ६०० मिलिमीटर व्हॅक्यूमवर तो साधारण ३१ किलोचा ओढा देतो, आणि ३०० मिलिमीटरवर त्याच्या निम्मा. परतीची स्प्रिंगच त्यातले सात-आठ किलो खात असेल, तर उरलेल्या जोरात गंजकी, चिखलाने जड झालेली कॉलर सरकणार कशी? तुम्ही नाल्याच्या उतारावर चार वेळा ब्रेक दाबता, बूस्टर व्हॅक्यूम वापरून टाकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तळाशी पोचून फोर-हाय मागता. नळी कुठे गळत असेल तर बिघाड चढावर दिसतो, पण धोका उतारावर आहे. ब्रेकचे पेडल कधी कडक लागते का, हे कृपया सांगा.

पांदणवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी दिवसभर हेच काम केले.

फोर्क हाताने सरकवल्यावर डावे चाक फिरवले आणि उजवे लगेच उलटे फिरले, तेव्हा फार हायसे वाटले. तेलात चुरा नाही. डबीचा दांडा मात्र अंगठा दाबून धरूनही पाच-सहा सेकंदांत परत आला. नळी बाहेरून अगदी धडधाकट दिसत होती, पण एक्झॉस्टजवळच्या वळणावर बोटांनी वाकवताच आतली चीर ओठ उघडावेत तशी उघडली. आणि हो, नाल्याच्या उतारावर पेडल कडक लागते. मी ते वजनामुळे होते असे समजत होतो. चिरलेली नळी आजच बदलली आणि पेडल मऊ झाले. नवी डबी मात्र या जुन्या मॉडेलसाठी यवतमाळात मिळाली नाही. म्हणून आता केबलचाच विचार पक्का करतो आहे. ती करताना काय सांभाळावे?

जुना लेथ (आर्वी)

पेडलचे आधी कळले हे फार चांगले झाले.

केबलची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एस-टेन ब्लेझरसारख्या गाड्यांत व्हॅक्यूमची डबी बॅटरीच्या ट्रेखाली असते आणि तिथून केबल पुढच्या एक्सलपर्यंत जाते. तिथले पुष्कळ मालक डबी काढून केबिनमधून हाताने ओढायची केबल बसवतात. पण केबल ताठ जोडली तर व्हॅक्यूमचा एक मोठा गुण आपण गमावतो. लिव्हर टाकताना खाचेसमोर खाच आलेली नसेल, दातासमोर दात आला असेल, तर पडदा संयमाने ओढत राहतो आणि चाक थोडे सरकताच कॉलर आत जाते. ताठ केबल तसे थांबत नाही. माणूस जोर लावतो आणि फोर्क वाकतो.

म्हणून केबलच्या एक्सलकडच्या टोकाला एक छोटी नळी खरादून घ्या आणि तिच्यात दाबाची स्प्रिंग बसवा. केबिनमधला लिव्हर पूर्ण ओढून खाचेत अडकवता आला पाहिजे. कॉलर अडली असेल तर तेवढी स्प्रिंग दबेल आणि संधी मिळताच कॉलरला आत ढकलेल. स्प्रिंगचा जोर वीस किलोच्या आसपास पुरे. कॉलर पूर्ण बसली की स्प्रिंग जवळजवळ सैल झाली पाहिजे. तसे झाले नाही तर फोर्कचे गाल फिरत्या कॉलरवर सतत घासतील आणि एका हंगामात संपतील. त्यासाठी फोर्कची चाल आधी कॅलिपरने मोजा आणि ती चाल अडवणारा थांबा हौसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या कवचावर) ठेवा, कॉलरवर नाही.

डबीच्या जागी येणाऱ्या पट्टीला ओ-रिंग द्या. व्हॅक्यूमच्या नळीचे मोकळे तोंड चांगल्या रबरी टोपीने आणि क्लिपने बंद करा. एम-सील किंवा कापडाची चिंधी चालणार नाही, कारण त्याच नळीवर तुमचा ब्रेक आहे. दिव्याचा स्विच कॉलरच्या दांड्यावर आणा.

वापराचा क्रमही बदलेल. सरळ आणि हळू चालताना आधी ट्रान्स्फर केस लावा, म्हणजे पुढचा शाफ्ट फिरू लागेल आणि त्या एक्सल शाफ्टचे दोन्ही तुकडे एकाच वेगाने चालू लागतील. मग केबल ओढा. काढताना आधी ट्रान्स्फर केस काढा. कॉलर अडकली तर दोन-चार फूट मागे घ्या, ताण सुटतो. डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये वळणे घेऊ नका; मध्ये डिफरन्शियल नसल्याने तो पीळ त्या कॉलरवरही येतो.

दक्षिण गडचिरोली

रेगूर यांचा हंगामी क्लॅम्पचा विचार मला पटला. माझी गाडी वर्षभर कच्च्या रस्त्यावर असते, तुमची नाही. एक भर घालतो. एक्सल उघडलाच आहे तर ब्रीदरची (एक्सलला हवा घेऊ-सोडू देणाऱ्या छिद्राची) नळी वर बॉनेटपर्यंत न्या. गरम हौसिंग नाल्याच्या थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढले जाते. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर तेच झाले असे समजा. मग कॉलर गंजते, आणि केबल कितीही चांगली असली तरी ती सरकत नाही.

पांदणवाट

काम झाले. फोर्कची चाल १८ मिलिमीटर भरली. स्प्रिंगची नळी पुलगावात खरादून घेतली. पहिली स्प्रिंग फार कडक निघाली, दुसरी बरोबर बसली. तेल खरोखरच ताकासारखे होते, म्हणून पूर्ण काढून ८०-डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरले आणि ब्रीदर वर नेला.

काल रात्री वळवाचा पाऊस झाला आणि आज सकाळी पांदणीत गाडी घातली. नाल्याआधी सरळ पट्ट्यात ट्रान्स्फर केस लावली, केबल ओढून खाचेत अडकवली. दिवा लागला नाही. आठ-दहा फूट पुढे गेल्यावर पायाखाली ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवला आणि त्याच क्षणी दिवा लागला. चढावर मुलगा खाली उभा होता. त्याने हात वर करून पुढची चाके ओढत असल्याची खूण केली. जोडणी दहा वेळा करून पाहिली, दहाही वेळा बसली. लिव्हरच्या तोंडाशी केबलला रबरी बूट अजून लावायचा आहे, तो या आठवड्यात लावतो.